कवितेतला कामगार कोणत्या खात्यातला?

सध्या एक शब्द फार चालतोय. समावेश. सर्वसमावेशक समाज, सर्वसमावेशक गाव, सर्वसमावेशक साहित्य. सरकारी परिपत्रकात तो आहे, संस्थांच्या शिबिरांच्या फलकावर आहे, कविसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवरही आहे. कार्यकर्त्या पोरांना शिबिराला बोलवतात, दोन वेळचं जेवण घालतात, आणि शेवटच्या दिवशी म्हणतात, समावेशावर चार ओळी लिहा. पोरं लिहितात. त्यातल्या बऱ्याच कविता फिरत फिरत आपल्याकडं येतात. त्या वाचून मला जे वाटलं ते इथं मांडतोय.

मी समीक्षक नाही. माझ्याकडं सौंदर्यशास्त्राची पदवी नाही. मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो आणि कविता लिहितो. पण ठाण तपासणारा माणूस पदवी दाखवून कापड तपासत नाही. तो ठाण उजेडासमोर धरतो आणि तुटका धागा कुठं आहे ते बोट ठेवून दाखवतो. मी तेवढंच करणार आहे.

आधी शब्द बघू. 'सामावून घेणे' या क्रियापदाला कर्ता लागतो. कोण सामावून घेणार? ज्याचं घर आहे तो. कोणाला? जो दाराबाहेर उभा आहे त्याला. म्हणजे दार कोणाचं हा प्रश्न व्याकरणानंच मिटवून टाकला. पाहुणा कितीही वर्षं राहिला तरी सात-बारा त्याच्या नावावर होत नाही. आणि गंमत म्हणजे पाहुण्यानंच आभाराची कविता लिहायची.

या कविता एकमेकींसारख्या का असतात? कारण त्यांच्यात माणूस नसतो, माणुसकी असते. एकच सूर्य, एकच रक्त, एकच घाम. 'घामाला जात नसते' या अर्थाची ओळ तर मी इतक्यांदा वाचली की ती कोणी पहिल्यांदा लिहिली हेही आता सांगता येणार नाही. मित्रहो, घामाला जात नसेल. पण थुंकीला होती. आणि ज्या मुंबईच्या गिरणगावाच्या नावानं ही घामाची कविता मराठीत रुजली, त्याच गिरणगावात होती. ते आधी नीट सांगतो, कारण आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी धोटा हातात धरलेला नाही.

साच्यावर ताणा उभा असतो आणि बाणा घेऊन धोटा या टोकाकडून त्या टोकाकडं धावतो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी. कांडी संपली की साचेवाला नवी कांडी घालतो आणि सुताचं टोक धोट्याच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढतो. जुन्या साच्यांवर हे टोक बाहेर काढायची झटपट रीत एकच होती. भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सूत तोंडात येतं. दिवसभरात हे असंख्य वेळा. लँकेशायरच्या गिरण्यांतही हीच रीत होती. तिथं वाद झाला तो रोगराईचा, एकाच्या तोंडाचा आजार दुसऱ्याला होईल म्हणून. आपल्याकडं वाद विटाळाचा झाला. महाराचं, मांगाचं, चांभाराचं तोंड ज्या धोट्याला लागलं त्याला आम्ही तोंड कसं लावणार? म्हणून मुंबईच्या बहुतेक गिरण्यांत विणाई खात्याचं, म्हणजे साचेखात्याचं दार अस्पृश्यांना बंद राहिलं. साचेवाल्याचा पगार इतर खात्यांपेक्षा चांगला. अस्पृश्यांच्या वाट्याला आलं रिंग खातं आणि कमी पगाराची तसलीच कामं. पाण्याची भांडीही वेगळी होती. म्हणजे विटाळ फक्त मनात नव्हता. तो पगाराच्या पाकिटातही होता.

आता १९२८ सालाकडं या. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. मराठीतल्या कामगार कवितेचा उगम शोधणारा प्रत्येक जण या संपापाशी येतो, आणि यायलाच पाहिजे. एवढी मोठी एकजूट या शहरानं त्याआधी बघितली नव्हती. संप समितीनं मालकांपुढं सतरा मागण्या ठेवल्या. साचेखात्याचं दार उघडा ही मागणी संपवाल्यांना आपणहून सुचली नाही. बाबासाहेबांनी ती लावून धरली. अस्पृश्यांना सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क मान्य करा, नाहीतर मी माझ्या लोकांना संपात भाग घेऊ नका म्हणून सांगेन, असं त्यांनी पुढाऱ्यांना बजावलं. पुढाऱ्यांनी नाखुशीनं मागणी घेतली. मालकांनी हात वर केले. हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही म्हणाले. मालक खोटं बोलत नव्हते, हे या गोष्टीतलं सगळ्यात बोचणारं वाक्य आहे. मालकाला कापड पाहिजे होतं. दार अडवून उभा होता तो शेजारच्या साच्यावरचा भाऊ.

कॉम्रेड मित्रांना हे वाचून राग येईल. येऊ द्या. मालकाला माफ करण्यासाठी मी हे लिहीत नाही. मालकाला फुटलेला कामगार फायद्याचाच होता आणि त्यानं दार स्वतःहून कधी उघडलं नसतं. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढं बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले. एकजूट अशी होते. आधी दुसऱ्याचं दार उघडायचं, मग खांदा मागायचा. १९३६ सालीच बाबासाहेब लिहून गेले होते की जात नुसतं काम वाटत नाही, ती काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडते. धोट्याच्या भोकाएवढं त्याचं दुसरं लहान आणि नेमकं उदाहरण मला सापडत नाही.

म्हणून मी कवितेला एकच प्रश्न विचारतो. तुझ्यातला कामगार कोणत्या खात्यातला? साचेखात्यातला की रिंगमधला? पाणी कोणत्या भांड्यातून प्यायचा? ज्या कवितेला हा प्रश्न विचारल्यावर उत्तर देता येत नाही, ती कामगाराची कविता नाही. ती कामगाराच्या पुतळ्याची कविता आहे. पुतळ्याला खातं नसतं, तोंडही उघडावं लागत नाही. मराठीत धोटा कादंबरीच्या नावात आला, मामा वरेरकरांची 'धावता धोटा' प्रसिद्धच आहे. धोट्याची लय गाण्यात आली, खडखडाट नाटकात आला. धोट्यावरची थुंकी मात्र आपल्या वाङ्मयाला फारशी गोड लागली नाही.

इथं कोणीतरी सुर्व्यांचं नाव घेणार. घ्याच. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ सालचं आणि 'माझे विद्यापीठ' १९६६ सालचं. या दोन संग्रहांनी मराठी कवितेला फुटपाथवर आणलं, आणि मी स्वतः अक्षर जोडायला शिकलो ते अशा कवितेच्या आधारानं. पण सुर्व्यांचा 'मी' कुठून येतो ते बघा. रस्त्यावर सापडलेलं मूल. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं उचललं, वाढवलं, आडनाव दिलं. जन्माची जात ठाऊक नसलेला कवी. म्हणून तो सगळ्या कामगारांच्या वतीनं 'मी' म्हणू शकला आणि ते खोटं वाटलं नाही. ती त्याची कमाई आहे, त्याच्या वाट्याला आलेल्या पोरकेपणाची किंमत मोजून केलेली. पण त्याच्यामागून आलेल्या शेकडो कवींनी तो 'मी' फुकट उचलला. ज्यांच्या घरात जात देव्हाऱ्यात बसवलेली होती तेही लिहू लागले की मी नुसता कामगार आहे. सुर्व्यांना जात सापडली नव्हती. यांनी कागदापुरती झाकून ठेवली. दोन्हीत फरक आहे, आणि समीक्षेनं तो फरक सांगितला नाही तर ती समीक्षा कसली?

आता त्या 'मी'च्या शेजारी बाबुराव बागुलांचा 'मी' ठेवा. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ सालचा, म्हणजे 'ऐसा गा मी ब्रह्म'नंतर एका वर्षाचा. त्या कथेतला नायक रेल्वेत नोकरीला लागतो. सोबतचे कामगार त्याला मान देतात. तो शब्दांचा माणूस म्हणून एक जण तर त्याला गुरूच मानतो, घरी जेवायला बोलावतो. आजच्या भाषेत बोलायचं तर यापेक्षा सुंदर समावेश कुठला? नोकरी आहे, मैत्री आहे, ताटाला ताट आहे, कवितेबद्दल आदर आहे. एकच गोष्ट नाही. आपलं नाव घेऊन तिथं बसायची सोय नाही. जात कळते आणि मान देणारे तेच हात त्याला बडवतात. बागुलांनी १९६३ साली दाखवून दिलं की समावेश ही अट घालून दिलेली जागा असते. तू तू नसशील तोवर ये. मला वाटतं, शिबिरात समावेशावर कविता मागण्याआधी ही एक कथा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावी. मग कोणाला लिहावंसं वाटतं ते बघू.

अण्णाभाऊंचं वेगळं. वाटेगावचा मांगाचा पोर, मुंबईत येऊन गिरणीत राबलेला. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं त्यात अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर अण्णाभाऊ. गिरणगावच्या मैदानांत हजारो कामगार त्यांच्या शब्दांवर डोलले. त्या डोलणाऱ्यांत साचेवालेही असतील, ज्यांना याच शाहिराच्या जातभाईनं धोट्याला तोंड लावलेलं चाललं नसतं. गाणं चाललं, तोंड चाललं नाही. हे अण्णाभाऊंना कळत नव्हतं असं समजू नका. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन त्यांनीच केलं. १९५९ सालची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. लाल बावटा हातात असलेल्या माणसानं निळ्या लेखणीला दिलेली ही सलामी होती. पण आपल्या समीक्षेनं अण्णाभाऊ दोन तुकड्यांत वाटून घेतले. एका बाजूनं नुसता कामगारांचा शाहीर, दुसऱ्या बाजूनं नुसता दलित कादंबरीकार. अख्खा अण्णाभाऊ कोणालाच झेपला नाही.

समावेशाची उलटी बाजूही आपल्या वाङ्मयात आहे आणि ती आपण पोरांना सांगत नाही. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचं आमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांकडून जोतीराव फुल्यांना गेलं. फुल्यांनी येत नाही म्हणून कळवलं. जे लोक सगळ्या माणसांचे हक्क मनापासून मान्य करत नाहीत आणि वागण्यात आणत नाहीत, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय. बघा, आमंत्रण आलं होतं. खुर्चीही मिळाली असती. जोतीरावांनी खुर्ची मागितली नव्हती, हिशोब मागितला होता. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९८४ साली जळगावला, शंकरराव खरात अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. खरातांबद्दल आदर ठेवूनच सांगतो, या शंभर वर्षांचा हिशोब त्या मांडवात कोणी मांडला नाही.

आणि दुसरी उलटी बाजू म्हणजे 'गोलपिठा', १९७२. नामदेव ढसाळांनी प्रस्थापितांच्या दारावर थाप मारली नाही. आपल्या वस्तीची भाषा जशीच्या तशी कागदावर आणली. प्रस्तावना लिहायला विजय तेंडुलकर. त्यांना शब्द अडले. मग त्यांनी नामदेवकडून अर्थ समजून घेतले, त्याच्याबरोबर त्या वस्तीत फिरले आणि मग लिहिलं. तेंडुलकरांचा मोठेपणा त्यात आहेच. पण माझ्यासाठी महत्त्वाचं हे की कविता वाचकाकडं चालत गेली नाही, वाचकाला कवितेकडं चालत यावं लागलं. कोण कोणात सामावलं? या प्रश्नाचं उत्तर ज्या कवितेत असं उलटतं, ती आपली कविता.

मला एका कार्यक्रमात बोलावलं होतं. निवेदक बाकीच्यांना 'कवी' म्हणत होता, माझ्या नावाआधी 'दलित कवी' म्हणाला, आणि पुढं, 'आज आपला मंच खऱ्या अर्थानं सर्वसमावेशक झाला.' टाळ्या पडल्या. मी कविता वाचली आणि खाली बसलो. 'दलित' म्हटल्याचा मला राग नाही, तो शब्द आपण मिरवूनच घेतलाय. राग याचा की बाकीच्यांच्या नावाआधी त्यांची जात लावायची गरज त्याला वाटली नाही. त्यांची जात म्हणजे 'कवी'. आमची जात म्हणजे समावेश.

१९८३ साली समरसता मंच निघाला तेव्हापासून 'समरसता' हा आणखी एक गोड शब्द आपल्या कानावर आदळतोय. रस एक व्हावा म्हणे. कोणाच्या पातेल्यात? बाबासाहेबांनी शब्द निवडला होता तो 'समता'. १९२८ साली, गिरण्यांचा तो मोठा संप चालू असतानाच, 'समता' नावाचं पाक्षिक निघालं. समतेला मोजमाप लागतं. पगार किती, खातं कोणतं, जमीन किती, लग्न कोणाशी. समरसतेला मोजमाप लागत नाही, एक सहभोजन आणि एक फोटो लागतो. सहभोजनाला माझा विरोध नाही. पण जेवण एका दिवसाचं असतं आणि विहीर रोजची. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. वाळीत टाकणं खरोखर संपलं असतं तर हा कायदा लागलाच नसता.

आता जरा आपल्या घरात बघू. दुसऱ्याच्या ठाणातला तुटका धागा दाखवताना आपलं ठाणही उजेडात धरलं पाहिजे.

महाडवर आपल्याकडं ढीगभर कविता आहेत. सगळ्यांत ओंजळ आहे. २० मार्च १९२७, चवदार तळं, बाबासाहेबांची ओंजळ, पेटलेलं पाणी. बरोबर आहे, तिथूनच सगळं सुरू झालं. पण त्या दिवशी संध्याकाळी लोकांची डोकी फुटली. नंतर तळ्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला तळं खुलं करायचा ठराव मागं घेतला. डिसेंबरात तळं खाजगी आहे म्हणून स्पृश्यांनी दावा ठोकला. तो दावा हायकोर्टापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ ला निकाल लागला. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षं. या दहा वर्षांच्या तारखा, कागद, साक्षी, वकिलाच्या खेपा आपल्या कवितेत कुठं आहेत? आपण क्षण लिहितो, खटला लिहीत नाही. म्हणून नव्या पोराला वाटतं की ओंजळ भरली की झालं. गावात मोर्चा काढतो, फोटो येतो, आणि पुढच्या महिन्यात तालुक्याच्या कोर्टात तारखेला जायला कोणी नसतं. कवितेनं त्याला हे शिकवलं पाहिजे होतं.

दुसरं, बाया. आपल्या कवितेतली आई सदा लाकडाची मोळी घेऊन उभी असते किंवा चुलीपुढं खोकत असते. ती सभेला गेली होती, तिनं भाषण केलं, तिनं वस्तीत शाळा चालवली, हे आपल्याला उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला'मधून १९८९ साली कळलं. त्या पुस्तकाचं नावच आपल्या पुरुषांना दिलेली नोटीस आहे. बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं १९८६ साली आलं. आपल्या घरातला नवराही बायकोला कसा वागवतो हे त्या बाईनं न लाजता लिहिलं. आपण सवर्णांच्या दारात समतेचं मोजमाप घेऊन जातो, ते घरात आणलं की 'चळवळीत फूट नको' म्हणतो. १९२८ साली साचेवालेही हेच म्हणत असणार.

तिसरं, बौद्ध, मातंग, चर्मकार, मेहतर, भटके. आपल्या अंकांतली नावं काढून बघा, कोण किती आणि कोण कधीच नाही. मातंगाच्या पोराची कविता आपण अण्णाभाऊंच्या जयंतीलाच छापणार असू, तर आपणही सामावून घेणारेच झालो. म्हणजे घरधनी झालो.

आज नव्या मागांना धोटाच नाही. हवेच्या झोतावर बाणा जातो, कोणाला तोंड लावावं लागत नाही. यंत्रानं विटाळाचं एक निमित्त काढून घेतलं. विटाळ काढून घ्यायचं काम यंत्राचं नव्हतं. ते माणसांचं होतं आणि ते अर्धवट राहिलंय. भाड्याची खोली बघायला गेल्यावर मालक पगार नंतर विचारतो, आडनाव आधी. तो भोक असलेला धोटा आता तिथं ठेवलाय. कवितेला तो शोधता आला पाहिजे.

म्हणून पोरांनो, शिबिरात 'समावेशावर चार ओळी लिहा' म्हणाले तर जरूर लिहा. पण एकच रक्त, एकच सूर्य लिहू नका. तुमच्या गावात पाण्याचा टँकर आला की रांग कशी लागते ते लिहा. मयताला कोणती वाट आहे आणि कोणती नाही ते लिहा. शाळेत खिचडी कोणाच्या हातची खातात, कोणाच्या हातची परत जाते, ते नाव-गाव न घेता पण खात्यासकट लिहा. तुमच्या कारखान्यात कोणत्या जातीचा माणूस कोणत्या मशीनवर आहे, एकदा मोजून या. बुडाला कागद-पेन्सिल घेऊन मोजा. त्या आकड्यातून कविता होईल की नाही ठाऊक नाही. पण त्या आकड्याशिवाय होणारी कविता मला तरी आता वाचवत नाही.

पुढच्या अंकासाठी असं काही लिहिलं असेल तर पाठवा. शुद्धलेखन आपण बसून बघू. आणि ज्यांना माझं सुर्व्यांबद्दलचं म्हणणं पटलं नसेल त्यांनीही लिहावं, मुद्द्याला मुद्दा देऊन. तेही छापू.

जयभीम.